दहावीचा निकाल आणि पंचावन्न टक्केवाली मुलं

रानजाई

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस मला एकाच आशयाचे फोन येतात. "एखादी हुशार, होतकरू, गरजू मुलगी असेल तर कळवा, तिच्या पुढच्या शिक्षणाचं आम्ही बघतो." फोन करणारी माणसं मनापासून बोलत असतात. कुणाला वडिलांच्या स्मरणार्थ काही करायचं असतं, कुणी निवृत्तीच्या पैशातून बाजूला काढलेले असतात. मी नावं पाठवते. ८९ टक्केवालीला लगेच दोन-तीन दत्तक पालक मिळतात. ५७ टक्केवालीच्या नावावर उत्तर येतं, "अजून थोडे बरे मार्क असलेली कुणी नाही का?"

हा धागा त्या ५७ टक्क्यांसाठी काढला आहे.

आमचा गट छोटा आहे. पुण्यातली काही घरं आणि बीड जिल्ह्यातले ओळखीचे शिक्षक. शिक्षक मुलं सुचवतात, आम्ही दहावीनंतरचा खर्च उचलतो. पैसे एकत्र गोळा करत नाही. ज्या घराने मूल घेतलं ते घर थेट कॉलेजला आणि खानावळीला भरतं. मुलं बहुतेक ऊसतोड कामगारांची.

ज्यांनी ऊसतोड फक्त बातम्यांत पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. ती फेडायला दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. घरी आजीआजोबा असतील आणि त्यांच्या हातापायांत जोर असेल तर मूल गावात राहतं. नाहीतर तेही फडावर, म्हणजे ऊसतोड चालते तिथे. आईबाप पहाटे उसात गेले की कोपीत (झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळायला दहा-बारा वर्षांची थोरली बहीण. शाळेचं दुसरं सत्र असं दरवर्षी, पहिलीपासून बुडत आलेलं. अशा मुलीने दहावीला ५७ टक्के मिळवले तर ती हुशार नाही हे आपण कशावरून ठरवतो?

८९ वालीला मदत मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही. पण तिच्याकडे बघणारे डोळे खूप असतात. क्लासवाले तिला फुकट घेतात, बातमी छापून येते. ५७ वालीच्या घरी निकालाच्या आठवड्यात वेगळी बोलणी चालू असतात. त्या आठवड्यात कुणी "हिच्या वसतिगृहाचं आम्ही बघतो" म्हणालं तर ती अकरावीला जाते, नाही म्हणालं तर दिवाळीनंतर ती उसाच्या फडात असते, बऱ्याचदा गळ्यात मंगळसूत्र घालून.

तुमच्यापैकी जे कुणी मुलांचं शिक्षण करतात त्यांना विचारायचं आहे. तुम्ही मूल कसं निवडता? मार्कांची अट ठेवता का, आणि का?


कोकणकडा

रानजाई, कळकळ पोहोचली. पण मी मार्कांची अट ठेवतो आणि त्यामागे विचार आहे.

माझ्याकडे दोन मुलांपुरते पैसे आहेत आणि अर्ज वीस येतात. कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. मार्क हे एकच माप असं आहे की ज्यात ओळख, शिफारस, जात, गावकी शिरत नाही. उद्या मी "हिची परिस्थिती जास्त वाईट" या मापाने निवडायला लागलो तर जो जास्त चांगलं रडगाणं लिहील तो निवडला जाईल.

दुसरं, सरकार आज बरंच काही देतं. शिक्षण हक्क कायदा आहे, पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण आहे, मुलींना बारावीपर्यंत फी नाही. मग साधारण मुलाला शिकण्यासाठी आपल्या पैशांची नेमकी गरज कुठे पडते? हे मी खरंच विचारतो आहे.


फळा_खडू

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. कोकणकडा यांचा दुसरा प्रश्न मला आवडला, कारण याच जागी मदत करणाऱ्यांचा अंदाज चुकतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. तोपर्यंत फी नाही, पुस्तकं मिळतात, खिचडी मिळते. म्हणजे पहिली ते आठवीच्या मुलाला वह्या-दप्तर वाटणं ही सगळ्यात सोपी मदत, आणि त्या मुलाची सगळ्यात कमी अडलेली गरज. जून महिन्यात आमच्या शाळेत तीन-तीन मंडळं दप्तरं घेऊन येतात. नोव्हेंबरात, वर्ग ओस पडतो तेव्हा, कुणी येत नाही.

त्या वेळी मुलाला गावात ठेवायचं तर दोन वेळचं जेवण आणि रात्री घरात एखादं मोठं माणूस, एवढंच लागतं. त्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची सोय आहे: मूल नातेवाइकांकडे राहतं आणि त्याच्या जेवणाचा खर्च शाळेमार्फत होतो. जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे पट टिकतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मंजुरी उशिरा आली तर तोवर टोळ्या गेलेल्या असतात, आणि ट्रॅक्टरवर बसलेलं मूल परत उतरवता येत नाही. दिवाळी ते मंजुरी या मधल्या महिन्यातलं जेवण एखाद्या गटाने उचललं तर वर्गातली अर्धी मुलं थांबतील. आमच्याकडे कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगतो.

आठवीनंतर हायस्कूल मोठ्या गावात. मुलींना एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, मानव विकासच्या निळ्या बसेसही आहेत. पण बस रस्त्यावरून जाते, वस्ती रस्त्यापासून आत असते. सायकल दिलीत तर ती खरोखर उपयोगी पडते.

आणि दहावीनंतर सगळंच बदलतं. इथे फी हा लहान आकडा आहे. खोली किंवा वसतिगृह, खानावळ, प्रवास, कागदपत्रं हे मोठे आकडे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, त्याचा आधार झाला आहे. पण दरवर्षी जागेपेक्षा मुलं जास्त असतात, आणि जागा वाटताना मार्कच बघतात. म्हणजे ५७ वाली तिथेही मागे.

मुलींबद्दल एक सांगतो. बाप वाईट असतो म्हणून लग्न लावतो असं शहरातल्या लोकांना वाटतं. सहा महिने आईबाप फडावर, आजी म्हातारी, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी घरात एकटी. ही काळजी त्याला झोपू देत नाही. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि मुकादम नवी उचल देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं होतं. मुलीला वसतिगृहात खाट मिळाली की बापाची काळजी मिटते आणि तो स्वतःहून लग्न पुढे ढकलतो. मी असे बाप पाहिलेत. फी भरून हे होत नाही, खाटेने होतं.


आजोळ

फळा_खडू सर, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मार्कांच्या अटीबद्दल. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढा, ३८ सुद्धा होत नाही. ज्या परिस्थितीत ते परीक्षेला बसले होते ती माहीत असणाऱ्या केळुसकर गुरुजींना त्या गुणांची किंमत कळली. त्यांनी सयाजीराव महाराजांना गाठलं आणि महिना २५ रुपये सुरू झाले. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांवर कोलंबियाला पाठवलं. आजच्या जाहिरातीतली ८५ टक्क्यांची अट तेव्हा असती तर तो अर्ज पहिल्याच चाळणीत गळला असता.

कोकणकडा म्हणतात की मार्कांमुळे ओळख आणि जात शिरत नाही. काळजी रास्त आहे, कारण आपल्याकडे एकेका घराने एकेक मूल सांभाळण्याची जुनी रीत होती आणि ती जातीच्या भिंतीआडच राहिली. माधुकरी मागून, वार लावून शिकलेल्यांच्या कितीतरी आठवणी आपण वाचतो. ते वार कुणाच्या मुलांना मिळायचे? ज्यांना त्या घराच्या ओसरीवर पानाला बसता येत होतं त्यांनाच.

त्यावर उपाय शोधला गेला तो वसतिगृहांचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मुलांनी स्वतः राबून शिकायचं हा तिथला नियम होता, म्हणून कुणाची मान खाली जात नव्हती. कोणतं मूल किती टक्क्यांचं हे लक्ष्मीबाई विचारत नव्हत्या. बोर्डिंगात आलेलं प्रत्येक मूल त्यांचं होतं.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करते आहे, तीही याच वाटेवरची.


मोगऱ्याची_वेणी

मी सहसा फक्त वाचते, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी त्या पंचावन्न टक्केवाल्यांपैकी एक आहे. आईबाबा ऊस तोडायचे. आज मी परिचारिका आहे, एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात.

दहावीला ५४ टक्के. आमच्या हायस्कूलच्या बाईंनी पुण्यातल्या एका काकूंना माझं नाव सांगितलं. बारावीपर्यंत वसतिगृह आणि मग जी.एन.एम.ची, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेची, तीन वर्षं, इतका काळ त्या काकू माझ्यासोबत होत्या. जी.एन.एम.ला बारावीला ४० टक्के लागतात. मला त्याहून बरेच जास्त मिळाले, कारण आयुष्यात पहिल्यांदा दोन वर्षं सलग वर्गात बसले होते. माझी बुद्धी मधल्या काळात बदलली नव्हती.

मला काय उपयोगी पडलं ते सांगते. काकू पैसे थेट वसतिगृहाला द्यायच्या. त्यामुळे घरी अडचण आली की "तुझ्याकडचे दे" असं आईबाबांना म्हणावं लागलं नाही, आणि मलाही त्यांना नाही म्हणावं लागलं नाही. शिवाय एक छोटी रक्कम माझ्या हातात द्यायच्या, हिशेब न मागता. पॅड, साबण, रिचार्ज, मैत्रिणीच्या वाढदिवसाला दहा रुपयांचं पेन. त्या रकमेमुळे मी चारचौघींसारखी राहू शकले.

फोन करायच्या तेव्हा पहिला प्रश्न "जेवलीस का" असायचा. मार्क मी सांगितले तर ऐकायच्या. अकरावीच्या पहिल्या चाचणीत दोन विषयांत नापास झाले होते. त्या म्हणाल्या, "बरं, कोण शिकवू शकेल तुला? शोधू या." मदत बंद होईल या भीतीने मी रडत होते, आणि त्यांच्या मनात तो विचारही नव्हता.

काय नको वाटलं तेही लिहिते, राग म्हणून नाही, पुढच्या मुलींसाठी. दहावीत असताना एका कार्यक्रमात आम्हा मुलांना स्टेजवर उभं करून दप्तरं दिली. निवेदकाने माईकवरून "यांचे आईवडील ऊस तोडतात" असं सांगितलं, फोटो काढले. ते दप्तर चांगलं होतं. पण शाळेत नेताना ते मी पिशवीत घालून नेत असे.


रानजाई

मोगरा, तू लिहिलंस म्हणून फार फार बरं वाटलं. तुझी हरकत नसेल तर हा प्रतिसाद आमच्या गटातल्या प्रत्येक घराला वाचायला देते.


कोकणकडा

मोगरा ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "माझी बुद्धी मधल्या काळात बदलली नव्हती" याला माझ्याकडे उत्तर नाही.

आजोळ, आंबेडकरांच्या गुणांची गोष्ट मला माहीत नव्हती. पण केळुसकर गुरुजी त्या मुलाला रोज बागेत वाचताना बघत होते. मी ठाण्यात बसून बीडच्या मुलीला ओळखणार कसा? माझी अडचण तीच राहते. मार्क नाहीत तर दुसरं कोणतं माप?


रानजाई

आमच्याकडचं सांगते.

आम्ही शिक्षकांना मार्क विचारत नाही, हजेरी विचारतो. तीही सगळ्या वर्षाची नाही. आईबाप गावात असतात त्या महिन्यांतली. त्या महिन्यांत रोज येणारं मूल शाळा आवडते म्हणून येतं. दुसरा प्रश्न: फडावर गेल्यावर तिथल्या शाळेत नाव घातलं होतं का, तिथे प्रवेश मिळवून देणारं शिक्षण हमी कार्ड नेलं होतं का? ज्या आईने ते कार्ड पिशवीत जपून नेलं तिला मुलीला शिकवायचं आहे, हे वेगळं विचारावं लागत नाही. तिसरा प्रश्न: आपण मदत केली नाही तर ही मुलगी येत्या दिवाळीत कुठे असेल? "गावातल्याच कॉलेजात जाईल" असं उत्तर आलं तर ती मुलगी थोडी थांबू शकते. "फडावर" आलं तर ती आधी.

शिक्षक पक्षपात करणार नाहीत कशावरून, हा प्रश्न येणारच. म्हणून दोन वेगवेगळ्या शिक्षकांना विचारतो, आणि घरी जाऊन येणारा माणूस तिसरा असतो. त्यातूनही चूक होऊ शकते. पण ही चूक मूल थोडं कमी गरजू निघण्याची असते, आणि त्या मुलाचंही शिक्षण होतंच.


लेथ_मशीन

मी आय.टी.आय.मध्ये फिटर ट्रेडला निदेशक आहे. या चर्चेत अजून आय.टी.आय. आलं नाही म्हणून लिहितो.

पन्नास-पंचावन्न टक्क्यांची पोरं आमच्याकडेच येतात. दोन वर्षांत हात तयार झाला की मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहतो. पण मी दत्तक पालक मागायला गेलो की लोक विचारतात, "इंजिनिअरिंगचा कुणी नाही का?" डॉक्टर-इंजिनिअर घडवल्याचा आनंद मोठा असेल, मान्य. वायरमन झालेल्या मुलाच्या घरचा कोयता मात्र दोन-तीन वर्षांत सुटतो.

खर्च कुठे अडतो ते सांगतो. सरकारी आय.टी.आय.ची फी थोडी असते. सेफ्टी शूज, वर्कशॉपचा ड्रेस, ड्रॉइंगचं साहित्य, आणि राहणं-खाणं हा खरा खर्च. ते दोन वर्षं कुणीतरी देतं. पुढची गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. मुलगा पास होतो, शिकाऊ उमेदवारीसाठी चाकणला किंवा वाळूजला निवड होते. विद्यावेतन महिना भरल्यावर मिळणार. त्याआधी खोलीचं डिपॉझिट, गादी, पहिल्या महिन्याची मेस, कंपनीपर्यंतचा प्रवास. दत्तक पालकाच्या हिशेबात शिक्षण संपलेलं असतं. घरच्यांकडे तेवढे पैसे नसतात. मुलगा आठ दिवस कुणाच्या तरी खोलीत काढतो आणि गावी परत जातो. चांगला हात असलेली मुलं अशी परत गेलेली मी पाहिली आहेत. दोन वर्षं शिकवलंत तर कृपा करून आणखी दोन महिने सोबत राहा.


आइंडहोवनकर

धागा वाचून मनापासून यात उतरावंसं वाटतं. आम्ही इथे नेदरलँड्समध्ये काही मराठी कुटुंबं आहोत, दिवाळीला काही रक्कम जमवतो. काहींचे पासपोर्ट भारतीय, काहींचे डच. थेट एखाद्या मुलाचा खर्च उचलता येईल का?

निवडीबद्दल एक माहिती. २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मध्ये ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने दत्तक पालक योजनेतून वाढवलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं, हे त्यांनी सहा देशांत तपासलं, त्यात भारतही होता. ज्यांना मदत मिळाली त्यांचं शालेय शिक्षण साधारण एक ते दीड वर्षाने जास्त झालं होतं, आणि मोठेपणी पगारी नोकरीत असण्याचं प्रमाणही वाढलं होतं. या मुलांची निवड मार्कांवर झालेली नव्हती, गरिबी आणि वय बघून झाली होती.


ताळेबंद

सी.ए. आहे, म्हणून कोरडी पण गरजेची माहिती.

तुम्ही थेट मुलाच्या नावाने कॉलेजला किंवा खानावळीला पैसे भरलेत तर आयकरात ८०जी ची सवलत मिळत नाही. ती ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. संस्थेकडून नुसती पावती घेऊ नका, १०बीई प्रमाणपत्र मागा. दोन हजारांच्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जी चा फायदाच नाही. तेव्हा सवलतीसाठी संस्था शोधायची की सवलत सोडून थेट मुलाला मदत करायची, हे आधी ठरवा.

रानजाई, पैसे एका व्यक्तीच्या खात्यात गोळा करत नाही हे उत्तम. पुढे गट वाढला आणि एकत्र निधी करावासा वाटला तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवून घ्या. नोंदणी नसताना वैयक्तिक खात्यात वर्षानुवर्षं इतरांचे पैसे येत राहणं कुणाच्याच हिताचं नाही.

आइंडहोवनकर, इथे पासपोर्ट महत्त्वाचा. भारतीय नागरिकाने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय देणगी धरत नाहीत. डच पासपोर्ट असलेल्याचा पैसा, ओ.सी.आय. कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी, परकीय देणगीच. तो परकीय देणगी कायद्याखाली, म्हणजे एफ.सी.आर.ए.खाली, नोंदलेल्या संस्थेलाच द्या. संस्थेचं त्यासाठीचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत असतं. दोन्ही तऱ्हेचे पैसे एकत्र करून एकाच्या नावाने पाठवू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मुलं घ्यावीत, बाकीच्यांनी अशी नोंदणी असलेलं एखादं वसतिगृह शोधावं.


फळा_खडू

सरकारी शिष्यवृत्तीबद्दल एक मुद्दा राहिला. मदत करणाऱ्याने आधी सरकारी पैसा मिळवून द्यावा, मग स्वतःचा घालावा.

आठवीत एन.एम.एम.एस. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं बसू शकतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना अकरावीपासून वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, ठिकाणाप्रमाणे वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. आदिवासी मुलांना स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना आता ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ आहे, उत्पन्नमर्यादा आठ लाख.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली कागदांची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. हे सगळं काढायला आईबाप गावात हवेत, आणि ते गावात असतात उन्हाळ्यात. दुसरी, पैसे खात्यात यायला महिने जातात, तोवर खानावळवाला थांबत नाही. रानजाईंच्या गटासारख्यांनी मधला काळ निभावून न्यावा. शिष्यवृत्ती आली की मुलाने ती रक्कम परत करावी आणि ती पुढच्या मुलाला जावी. हे आधीच मोकळेपणी ठरवलं तर मुलंही आनंदाने परत करतात.


रानजाई

लेथ_मशीन दादा, नोकरी लागल्यानंतरच्या दोन महिन्यांचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. या वर्षी आमची दोन मुलं आय.टी.आय. पूर्ण करत आहेत. त्यांच्या घरांशी आजच बोलले, दोघांनी होकार दिला.

आणि कोकणकडा यांचा व्यक्तिगत निरोप आला, त्यांच्या परवानगीने लिहिते. मघाशी सांगितलेल्या ५७ टक्केवालीचं बारावीपर्यंतचं वसतिगृह ते बघणार आहेत.


कोकणकडा

हो. पुढच्या वर्षीपासून माझ्या दोन जागांपैकी एक मार्कांवर आणि एक रानजाईंच्या हजेरीच्या मापावर. मार्कांवरची मी अजून सोडलेली नाही, त्यावर पुन्हा बोलू.


साधीसुधी

नाशिकहून लिहिते. नवीन सभासद. माझी नोकरी छोटी आहे, महिन्याला पाचशेच्या वर देणं जमणार नाही. एवढ्यात एका मुलाचंही काही होत नाही, म्हणून आजवर गप्प बसले. माझ्यासारखीने काय करावं?


फळा_खडू

ताई, तुमच्या ओळखीत, धुणीभांडी करणाऱ्या मावशी असोत नाहीतर गल्लीतली कुणी, नवरा वारलेली आणि शाळेत जाणारी मुलं असलेली बाई असेल तर तिला बालसंगोपन योजनेचं विचारा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं नाव आहे. एक पालक गमावलेल्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांचं होईपर्यंत. फार थोड्या बायकांना हे माहीत असतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांचा कागदांपायी अर्ज राहून जातो.

तुमचे पाचशे रुपये इथे वापरा. उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, फोटो, तिची बुडालेली एका दिवसाची मजुरी. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आई आणि मुलाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, घरासमोर मुलासोबत काढलेला आईचा फोटो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. पहिल्या वेळी सोबत जा. साहेबासमोर एकटीला बोलायला अवघड जातं. पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का बघून घ्या.

अर्ज भरताना कुठे अडलात तर इथेच लिहा, शाळा सुटल्यावर मी रोज बघतो.